मदत हवी आहे: जुन्या घरातले सामान पर्वरीच्या फ्लॅटमध्ये कसे मांडावे?

वसरी
नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोलीकडच्या आमच्या मूळ घराच्या वाटण्या झाल्या. आमच्या वाट्याला वसरीतला (ओसरीतला) पितळी कड्यांचा झोपाळा, शिसवी पलंग, वेताने विणलेल्या दोन खुर्च्या, मोठा पेटारा, न्हाणीतले पाणी तापवायचे तांब्याचे भाण आणि लामणदिवा एवढे आले. हे सगळे पर्वरीच्या नव्या फ्लॅटमध्ये न्यायचे आहे. दोन बेडरूम, पांढऱ्या भिंती, बेताची उंची.

इंटिरियरवाला म्हणतो, एखादी वस्तू शोभेला ठेवा, बाकीचे विका. मला ते अजिबात पटत नाही. सासूबाई आमच्याकडे राहायला येणार आहेत. जेवण झाले की झोपाळ्यावर बसून सुपारी कातरायची त्यांची जन्माची सवय. घर सुटतेच आहे, निदान झोपाळा तरी त्यांना मिळावा. या वस्तू वापरात राहाव्यात, एवढेच मला हवे आहे.

झोपाळा फॉल्स सीलिंगला टांगता येतो का? पेटाऱ्याखाली रोज सकाळी बारीक पिवळसर भुकटी दिसते, ती कशाची? भाण घासून लख्ख करावे की तसेच ठेवावे? शिवाय लंडनच्या थोरल्या दिरांना लामणदिवा तिकडे न्यायचा आहे. दिवा निदान चार पिढ्यांचा तरी असेल. चालेल का?

माडाचीसावली
ताई, आधी पेटारा. ती भुकटी म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा भुसा. वाळवी असती तर सहसा मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. भुसा झाडून खाली काळा कागद पसरा. पुन्हा ताजा पडला तर कीड जिवंत आहे. शिसव किंवा सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, पण तळाच्या आणि पाठच्या फळ्या बऱ्याचदा आंब्यासारख्या हलक्या लाकडाच्या असतात. त्या आधी बघा. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भोकाभोकांत सिरिंजने औषध घालून घ्या आणि भुसा पूर्ण थांबल्यावरच मेणाने भोके बुजवा. तोपर्यंत पेटारा फ्लॅटमध्ये आणू नका, नव्या कपाटांनाही लागेल.

झोपाळा फॉल्स सीलिंगला मुळीच नको. जुन्या घरात तो जाडजूड तुळईला टांगलेला असतो. तुमच्याकडे काँक्रीटचा बीम कुठून जातो ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि सीलिंग करण्याआधीच त्याच्या सल्ल्याने हूक बसवून घ्या. झुलताना कड्यांवर नुसत्या वजनापेक्षा जास्त ताण येतो. बीम सोयीचा नसेल तर सागवानी चौकट करून तिच्यात टांगा.

भाण चिंच-मिठाने महिन्या-महिन्याला घासू नका, दर वेळी तांबे थोडे झिजते. मऊ फडक्याने पुसून कोरडे ठेवा. झाड लावायचेच असेल तर कुंडी आत ठेवा, माती थेट तांब्यात नको.

शिंपल्यांचीखिडकी
लामणदिव्याबद्दल सांगते. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तूही पुरावशेष ठरू शकते आणि ती खाजगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. दिव्याला शंभर वर्षे झाली नसतील तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला मिळतो. दिरांनी तो घेतल्याशिवाय दिवा बॅगेत घालू नये. चार पिढ्यांचा म्हणता, मग तो इथेच राहील असे धरून चला.

मांडणीचे म्हणाल तर पांढऱ्या भिंती बदलू नका. काळसर शिसव त्यांच्यासमोरच उठून दिसते. पलंग आणि पेटारा मात्र एकाच खोलीत नकोत, पाय टाकायला जागा उरणार नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, म्हणून फर्निचर चार बोटे पुढे ठेवा. एसीचा झोत थेट पलंगावर नको, लाकूड सुकून सांधे ढिले होतात. वेताच्या खुर्च्या नव्या सोफ्यासमोर ठेवा आणि रोज बसा. तोर्ड्याचे 'हाउसेस ऑफ गोवा' संग्रहालय तुमच्या जवळच आहे. गोव्याची जुनी घरे कशी बांधत ते तिथे नीट दाखवले आहे, बिल्डरशी बोलण्याआधी एक चक्कर मारा.

वसरी
दोघांचेही मनापासून आभार. दिरांना आजच फोन करते. नकाशात बघितले, हॉलमधला बीम बाल्कनीच्या दारासमोरून जातो. सासूबाईंना बसल्या बसल्या बाहेरचे दिसेल, पण दार आत उघडते आणि फळीला आपटेल. सरकते दार करून घ्यावे की चौकटच बरी? कोणी केले असेल तर फोटो टाका ना.