राजकारण नीट समजून घ्यायचं आहे, सुरुवात कुठून करू?

गुहागरची_पोर
नमस्कार मंडळी. शृंगारतळीत माझं छोटं दुकान आहे. सातबारा, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स वगैरे. दिवसभर गिऱ्हाईक आणि राजकारण. कोण कुठल्या गटात गेला, कोणी कोणाला काय टोमणा मारला, सगळं पाठ आहे. पण आमच्या वाडीतल्या नव्या टाकीत पाणी का येत नाही आणि ते नक्की कोणाला विचारायचं, इथे माझी बोलती बंद. रोज अर्धा-पाऊण तास देऊ शकते. पेपर कुठला लावू, काय बघू, काय बंद करू? अमुक पक्ष चांगला असा सल्ला नको, तो दुकानात फुकट मिळतो.

खाडीपलीकडचा
संध्याकाळच्या टीव्हीवरच्या चर्चा आधी बंद कर. नऊ जण एकदम ओरडतात, त्यातून कोणाला काय कळलंय?
दुसरं, तुझा खासदार कोण ते बघून ठेव. गंमत नाही करत. गुहागर आणि दापोली रत्नागिरी जिल्ह्यात असले तरी लोकसभेला रायगड मतदारसंघात मोडतात. चिपळूणच्या बाजारात ज्या खासदाराच्या नावाने बोटं मोडतात तो तुझा नव्हेच. जिल्ह्याच्या पानावर बातम्या मात्र जास्त त्याच्याच.

देवगडचो_झिलगो
बाय माझ्या, पेपर दोन घी. एक मुंबयचो, एक हयचो. मुंबयच्या पेपरात कोकण म्हंजे आंबो, गणपती नी हायवे.
आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. इथल्या पेपरातली पहिल्या पानावरची भांडणं राहू दे, आतल्या पानावर बारीक टायपात छापलेल्या जाहीर नोटिसा वाच. निविदा, भूसंपादन, हरकती-सूचना, जनसुनावणी. मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी लागते, तिची नोटीस किमान तीस दिवस आधी पेपरात द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. हे केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत आहे. जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणार आणि बारसूची रिफायनरी या तिन्हींवर आपण हिरिरीने भांडलो, पण त्यातल्या किती जणांनी मूळ कागद उघडला होता? बाजूने असो की विरोधात, कागद वाचलेला माणूस सभेत दोन मिनिटांत ओळखू येतो.

ग्रामसेवक_निवृत्त
ताई, तुम्ही टाकीचं म्हणालात ना, मग तीच धरून चला. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल. एक टाकी नीट समजली की गावापासून दिल्लीपर्यंतचं राजकारण समजतं.
टाकी बहुधा जलजीवन मिशनची असणार. योजना २०१९ ची, माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने द्यायचं. आपल्या राज्यात केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा पैसा घालतात. मुदत २०२४ ची होती, केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवली. गावात ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिच्यावर कोण आहे ते आधी विचारा. निम्म्या सदस्यांना आपण सदस्य आहोत हे माहीत नसतं, हा माझा अनुभव! त्याच्या वर जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका तिथे मिळतील. पुस्तिकेत झालेल्या कामाची मापं, म्हणजे टाकलेल्या पाइपाची लांबीही असते. एका रविवारी टेप घेऊन चालत जा.
आपल्याकडे बहुतेक वेळा घोळ उद्भवाचा, म्हणजे पाणी जिथून येतं त्या विहिरीचा वगैरे असतो. विहीर जानेवारीत भरलेली दिसते, एप्रिलमध्ये तळ दिसतो, आणि टाकी बांधून मोकळे होतात. टाकी दिसते, फोटोत येते. विहिरीचा तळ कोण बघतो?
मिशनच्या संकेतस्थळावर आपल्या गावाच्या नळजोडण्यांचा आकडा बघा. तिथे सगळं हिरवंगार असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘हर घर जल’ म्हणून गाव प्रमाणित व्हायचं तर ग्रामसभेचा ठराव लागतो. तो झालाय का, कधी झाला, सभेला कोण होतं, हे इतिवृत्तात बघा.

चाकरमानी_डोंबिवली
काकांचं बरोबर आहे, पण नुसतं गावात अडकू नका. लोकसभेच्या संकेतस्थळावर खासदाराचं नाव टाकून त्याने विचारलेले प्रश्न शोधता येतात. ताऱ्याचे प्रश्न दिवसाला वीस, त्यांची उत्तरं मंत्री सभागृहात तोंडी देतो. बिनताऱ्याचे २३०, त्यांची लेखी उत्तरं मिळतात. गंमत लेखी उत्तरांत आहे, कारण तिथे मंत्र्याला आकडे द्यावे लागतात. मुंबई-गोवा महामार्गावर भाषणं ऐकण्यापेक्षा दोन-तीन वर्षांतली लेखी उत्तरं ओळीने वाचा, दर वेळी नवी तारीख सापडेल. राज्यात तसंच, अधिवेशन सुरू असताना तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना बघा.
शिवाय उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. त्याच माणसाची २०१९ आणि २०२४ ची शेजारी-शेजारी ठेवा. चहा सोबत असू द्या.

दापोली_कॅम्प
सगळे कागद-कागद करताहेत म्हणून मुद्दाम लिहिते. कागदाने पाणी येत नाही, माणसं हलली की येतं. ती का हलतात हे शासन निर्णयात लिहिलेलं नसतं. आमच्या गावात मत कुठे जाणार हे अजून मुंबई मंडळाच्या, म्हणजे गावच्या मुंबईकरांच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरतं, तेही परळच्या एका खोलीत. वाडीप्रमुख कोणाचा मेव्हणा, ठेकेदार कोणाचा भाचा, देवळाच्या मानपानावरून कोणत्या दोन घरांत बोलणं नाही, हे न कळता राजकारण कळलं म्हणणं म्हणजे कठीणच. तेव्हा दुकानातल्या गप्पा बंद करू नकोस गं. फक्त ऐकताना विचारायचं, ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’ बरेच जण तिथेच गप्प होतात.

खाडीपलीकडचा
हे मान्य. पण मेव्हण्या-भाच्यांचं गणित तिला आधीच येतंय, पहिल्या पोस्टमध्ये तेच लिहिलंय की. अडलंय ते दुसरीकडे.

गुहागरची_पोर
सगळ्यांचे आभार. इथला एक पेपर लावते, मुंबईचा मोबाइलवर वाचेन. टाकीपासूनच सुरू करते. दोन शंका. मोजमाप पुस्तिका मागितली तर देतील का? आणि ग्रामसभेत बायका पाठीमागे बसतात, बोलायला उठलं की ‘तुझ्या वडिलांना पाठव’ म्हणतात. तिथे काय करायचं?

ग्रामसेवक_निवृत्त
तोंडी मागितलीत तर ‘साहेब नाहीत’ हे उत्तर ठरलेलं. माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, म्हणून योजनेची सगळी कहाणी लिहू नका. अर्ज ग्रामपंचायतीला नको, काम ज्या विभागाने केलं त्या विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याला. पोच घ्या. उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयात पहिलं अपील.
सभेचं म्हणाल तर ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरवरच उरकतात. तुम्ही चार जणी घेऊन खरोखर जा, टाकीचा विषय मांडा आणि लिहून घ्यायला लावा. मग मोठ्या सभेत तो महिला सभेचा विषय म्हणून येतो, तिथे वडिलांना बोलवायचा प्रश्न नाही. गणपूर्ती, म्हणजे पुरेशी हजेरी, नाही म्हणून सभा तहकूब झाली तर घरी जाऊन स्वस्थ बसू नका. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, आणि नको ते ठराव नेमके तेव्हाच होतात.

दापोली_कॅम्प
आणि इतिवृत्त तिथल्या तिथे वाचून घ्यायचं हं. ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलं असेल तर सही करायची नाही.