मदत हवी आहे: भाचा पाच वर्षांचा झाला की ताबा वडिलांकडे जातो का?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण दीड वर्षापासून मुलाला घेऊन देवगडला आमच्याकडे आहे. भाचा इथल्याच बालवाडीत जातो. आता भावोजींनी ठाण्याच्या कोर्टात ताब्यासाठी अर्ज केलाय, नोटीस परवा आली.

दिवाळीत भाच्याला पाच पूर्ण होतील. गावात जो तो सांगतो, "पाच झाली की पोर बापाचं." मी वाचलं त्याप्रमाणे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं एवढंच आहे, पुढे आपोआप वडिलांकडे जातं असं नाही, मुलाचं हित बघतात. बरोबर ना?

दुसरं, १८९० च्या पालक-पाल्य कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या जिल्हा कोर्टात अर्ज करायचा असतो. मग ठाण्याच्या अर्जाला हरकत घेता येईल का? दीड वर्ष 'नेहमी राहणं' धरतात का? बालवाडीचा दाखला, लसीकरणाचं कार्ड चालेल?

भेटीला आमची ना नाही. भावोजी मे महिन्यात आले होते, तेव्हा पोरगा दोन तास पडवीत त्यांच्या मांडीवर बसून रायवळ आंबा चोखत होता, शर्टाची वाट लावली. (माणूस वाईट नाही, पण त्यांचं आणि बहिणीचं जमलं नाही.) भेटीचे दिवस आपसात लिहून कोर्टात दिले तर चालतात का?

कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. तारीख तीन आठवड्यांवर आहे आणि बहीण धड जेवत नाहीये.