फॉरमॅट बरोबर आहे, दरच आकडा नाहीये

पायथन भाषेतल्या प्रोग्राममधून पेटीचा दर दोन दशांशांपर्यंत छापताना ‘अननोन फॉरमॅट कोड एफ’ येतं म्हणताय, आणि वर कुणीतरी पायथनच नव्याने टाकायला सांगितलंय. कशाला तो उपद्व्याप? तुमचा दर ‘इनपुट’मधून येतोय आणि इनपुट नेहमी स्ट्रिंगच (म्हणजे आकडा नाही, नुसता मजकूर) देतं. प्रिंटच्या आधी ‘रेपर’ (repr, किंमत नेमकी कशी साठवलीय ते दाखवणारं फंक्शन) लावून बघा, दर अवतरणचिन्हांत दिसला की चोर सापडला. मग दर ‘फ्लोट’मध्ये घालून घ्या, म्हणजे मजकुराचा दशांश आकडा होतो. फाइलमधून 1,200 असा स्वल्पविराम येत असेल तर तो आधी काढा, नाहीतर फ्लोटही रुसतो. (गंमत म्हणजे देवनागरी १२०० त्याला चालतं!)

आमच्या देवगडात मी बागेच्या पेट्यांची पावती अशीच छापतो. मला खरा त्रास झाला तो रकान्यांचा. ‘हापूस’ला 10ची रुंदी दिली तरी पुढचा दर डावीकडे सरकलेला. डोळ्याला अक्षरं तीन, पण पायथन काना आणि उकार वेगळे मोजतं, म्हणून लांबी पाच. तेवढ्या रिकाम्या जागा कमी पडतात. त्यात देवनागरी अक्षरांची रुंदीही सारखी नसते, त्यामुळे जागा मोजून भरण्याचा नाद मी सोडला. आता सरळ एचटीएमएलचा तक्ता करून छापतो.

आणखी एक. फॉरमॅटमधला स्वल्पविराम लाखाचे 100,000 करतो, 1,00,000 नाही. आमच्या काकांनी पावती बघून पहिला प्रश्न तोच विचारला. त्यासाठी मी छोटं फंक्शन लिहिलंय, हवं तर इथे टाकतो.