'पडछाया', 'छाया' की 'सावली'?

प्रश्न : ग्रांव्हिल या फ्रेंच चित्रकाराच्या 'ले ऑम्ब्र पोर्ते' (१८३०) या शिळाछापांचे (दगडावर रेखाटून छापलेल्या चित्रांचे) शीर्षक मराठीत 'सावल्या' असे लिहावे का?

उत्तर : माझ्या मते लिहू नये. फ्रेंच चित्रकलेत वस्तूच्या प्रकाशाकडे पाठ असलेल्या बाजूवरच्या अंधाराला 'ऑम्ब्र प्रॉप्र' म्हणतात आणि तिच्यामुळे भिंतीवर वा जमिनीवर पडणाऱ्या आकृतीला 'ऑम्ब्र पोर्ते'. पहिलीसाठी 'छाया' आणि दुसरीसाठी 'पडछाया' हे शब्द आपल्याकडे तयारच आहेत. 'सावली'त गारवा आहे, आसरा आहे. उन्हातून आलेला माणूस सावलीत बसतो, पडछायेत बसत नाही, आणि नकोशा माणसाची पडछायाही अंगावर पडू नये असेच आपण म्हणतो. ग्रांव्हिलला हवा असलेला संशयाचा सूर त्यामुळे 'पडछाया'तच सापडतो.

ही चित्रे शार्ल फिलिपों यांच्या 'ला कारिकात्यूर' या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकात, फ्रान्समध्ये राजा उलथवणाऱ्या १८३०च्या जुलै क्रांतीनंतरच्या महिन्यांत आली. त्यांतली माणसे नीटनेटकी आणि प्रतिष्ठित दिसतात. पण मागे पडलेली आकृती मात्र जनावराची किंवा सैतानाची निघते. 'ले मेतामॉर्फोज द्यु जूर' ('आजची रूपांतरे') या १८२९च्या मालिकेत ग्रांव्हिलने माणसांच्या धडांवर थेट जनावरांची डोकी बसवली होती, म्हणजे तिथे सोंग उघडच होते. इथे चेहऱ्याला धक्का न लावता पडछायेकडून चुगली करवली आहे, आणि मला हीच युक्ती अधिक जहरी वाटते. (खुद्द 'ग्रांव्हिल' हेही त्याच्या नट असलेल्या आजी-आजोबांचे रंगमंचावरचे नाव, खरे आडनाव जेरार.)

पुरवणी : वरील मत मान्य आहे, मात्र 'पडछाया' हा शब्द सरसकट वापरू नये. शिळामुद्रणात चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने रेखाटतात. दगडाच्या रव्यामुळे खडूच्या दाबानुसार फिकट-गडद छटा मिळतात, आणि त्या छटांना 'छाया' म्हणणेच योग्य. फ्रेंच चित्रकार देलाक्र्वाने गटेच्या 'फाउस्ट' या नाटकावरच्या शिळाछापांत (१८२८) काळ्या भागातून खरवडून उजेड काढला आहे, तर ओदिलों रदों हा पुढच्या काळातला फ्रेंच चित्रकार आपल्या कोळशाच्या चित्रांना आणि शिळाछापांना 'नोआर', म्हणजे 'काळी', म्हणत असे. त्या दोघांविषयी लिहिताना मी 'काळोख' म्हणेन.

राहिला शीर्षकाचा प्रश्न. 'पडछाया'चे अनेकवचनही 'पडछाया'च होते, म्हणून 'माणसांच्या पडछाया' असे लिहिल्यास संख्येचा घोटाळा होणार नाही.