मदत हवी आहे: कंबोडियाच्या पनॉम पेनमध्ये तुओल स्लेंग, चोएंग एक आणि राजवाडा एकाच दिवसात?

तुओल स्लेंग हे संग्रहालय सकाळी आठला उघडतं. मूळची शाळा, ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत (1975-79) तिचा एस-21 तुरुंग झाला. वर्गांत बांधलेल्या विटांच्या अरुंद कोठड्या, कैद्यांच्या फोटोंच्या रांगा; ऑडिओ गाइड लावून बघायचं तर दोन तास हवेतच. तिथे घाई नको. चोएंग एक, म्हणजे कैद्यांना नेऊन मारायचे ती जागा, शहराबाहेर, साधारण 15 किमी.

घोळ राजवाड्याचा आहे: मधली सुट्टी दोनपर्यंत, शिवाय खांदे-गुडघे झाकलेले हवेत, नुसती ओढणी चालत नाही म्हणे. मग चोएंग एक आधी करावं का? टुकटुक दिवसभर ठरवावी की ॲपवरून? चोएंग एकहून परतीची मिळते का? फाटक्या डॉलरच्या नोटा घेत नाहीत, म्हणून सुटे रियाल (तिथलं चलन) साधारण किती ठेवावेत? आणि सोबत दहा वर्षांची मुलगी असेल तर कुठली दालनं टाळावीत?