कथेतल्या माणसांचे स्वभाव जेवणातून दाखवायचेत, सुचवा काहीतरी

तेरणाकाठ:
लातूरकडची कथा लिहायलोय, घरात तीन भाऊ. मित्राला वाचून दाखवली तर म्हणला तिघं एकच माणूस वाटायलेत. थोरला चिक्कट, मधला दिखाऊ, धाकटा भिडस्त असं मी सरळ लिहून टाकलंय, ते ताटावरून कळायला पाहिजे. म्हातारे वडील पण आहेत, ७२ चा दुष्काळ बघितलेले, ताटात शीतसुद्धा ठेवत नाहीत.

गंजीवरचा:
वडिलांचं ते काढ राव. दुष्काळ बघितलेला प्रत्येक म्हातारा कथेत ताट चाटूनपुसूनच खातो. उलटं कर. १९७२ ला रेशनचा मिलो खाल्ला, दुष्काळी कामावर खडी फोडली, तिथं खायला वाटायचे त्या सुकडीसाठी रांगेत उभा राहिला, आता पोरं कमावती झाली तर हा रोज अर्धी भाकरी मुद्दाम टाकून उठतो, आणि सुनेला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, ती बिचारी रोज तिखटमीठ बदलत बसते.

हुरडा_मेंबर:
+१ भारी. सून शेवटी जेवायला बसते तेव्हा काय उरतं तेबी लिहा.

काळी_माती:
पदार्थांची यादी नको एवढंच सांगते. येसर, धपाटे, सुशीला, अंबाडी सगळं एका पानात कोंबतात आन माणूस कुठंच दिसत नाही. तिघांना वेळ अमावस्येला, म्हणजे शेतात पूजा करून तिथंच पंगत बसते त्या सणाला, शेतात बसवा, भज्जी आंबील उंडे सगळ्यांना तेच, मग फरक माणसातच दिसतो. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाबी जेवायला हाक मारतात ना, तर थोरला मारतो हाक, पण माणूस पार लांब गेल्यावर. मधला शहरातल्या दोस्तांना आग्रह करकरून वाढतो, आंबील कशी प्यायची ते शिकवतो, आणि पहाटेपासून राबलेली बायको जेवली का हे विचारत नाही. धाकट्याला अजून आंबील पाहिजे पण मडकं लांब, तो मागत नाही, पाणी पिऊन उठतो. झालं, चिक्कट दिखाऊ भिडस्त तिन्ही शब्द खोडा.

सालदार_नातू:
आन सालगडी कुठं बसून जेवतो? कोण वाढतं, कशात वाढतं? शाहू पाटोळेंचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' वाचा आधी, मराठवाड्यातल्या दलितांच्या जेवणाबद्दल आहे. मग शेतातली पंगत लिहा.

तेरणाकाठ:
सालगडी आहे की कथेत, नुसते बैल सोडतो सध्या. बसवतो त्याला बी. मिलोची भाकरी दिसायची कशी?

गंजीवरचा:
लालसर. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी ती, रेशनवर मिळायची. घरात तेव्हाचं कुणी असंल तर विचार, पण जेवताना नको.