मदत हवी आहे: एकच सिम्युलेशन विभागाचा क्लस्टर, ग्रिड आणि क्लाउड, तिन्हीकडे कसं चालवायचं?

कणकण

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे. काम डिटेक्टरचं: जियान्ट४ या सिम्युलेशन प्रोग्रॅममध्ये कण सोडायचे आणि शिसं, सिंटिलेटर (कण गेला की चमकणारा पदार्थ) यांतून जाताना त्यांचं काय होतं ते नोंदवायचं. एक जॉब एका कोअरवर साधारण ८ तास घेतो आणि शेवटी ३०० एमबीची फाइल देतो. असे २०,००० जॉब हवेत. विभागाच्या क्लस्टरवर माझ्या वाट्याला ९६ कोअर. हिशोब केला तर ७० दिवस, तेही मध्ये वीज गेली नाही तर.

म्हणून सरांनी आणखी दोन दारं उघडून दिली. एक, आमच्या सहकारी गटाची युरोपातली ग्रिड साइट (ग्रिड म्हणजे अनेक संस्थांनी जोडून एकत्र वापरायला ठेवलेले क्लस्टर). दुसरं, एका क्लाउड कंपनीचं संशोधनासाठीचं क्रेडिट. "तीन जागा आहेत, जॉब वाटून टाक," म्हणाले. वाटायला ते काय पेढे आहेत?

विभागात जॉबची रांग सांभाळायला स्लर्म आहे. ग्रिड साइटवर जॉब स्वीकारायला एआरसी, तिथे जॉबचं वर्णन वेगळ्याच भाषेत लिहायचं. क्लाउडवर तर रांगच नाही, नुसती व्हर्च्युअल मशिनं. मी एक स्क्रिप्ट लिहिली, 'इथे असशील तर हे कर, तिथे असशील तर ते कर' छापाची. सहाशे ओळी झाल्या आणि आता तिला हात लावायची मलाच भीती वाटते.

त्यात सिनियरने ठेवलेली ग्रिडची स्क्रिप्ट प्रॉक्सी सर्टिफिकेट (थोड्या मुदतीचं डिजिटल ओळखपत्र) वापरते. ते आम्ही बंद केलं, आता टोकन, म्हणजे डिजिटल परवाना, आणा, असं साइटवाले म्हणाले. आणलं. दहा-दहा मिनिटांचे २० चाचणी जॉब झकास गेले. मग खरे ५०० पाठवले. आठ तासांनी सगळेच्या सगळे आडवे, तेही अगदी शेवटी, फाइल अपलोड करताना. चूक ४०१, म्हणजे 'ओळख पटली नाही'. चार हजार कोअर-तास पाण्यात गेले, साइटवाल्यांना काय तोंड दाखवू कळत नाहीये.

तर टोकनचं नेमकं काय चुकलं? आणि या तिघांना एका दोरीत बांधायची काही शहाणी पद्धत आहे का, की सहाशेच्या आठशे ओळी करू?

खटपट्या

सगळं क्लाउडवर टाका ना. क्रेडिट आहे, जॉब आहेत, विषय संपला. ग्रिड अजून वापरतं का कोणी?

कणकण

@खटपट्या, क्रेडिट जेमतेम चौथ्या हिश्शाच्या जॉबना पुरेल. शिवाय डेटा आत टाकायला फुकट आणि बाहेर काढायला पैसे, हे मला पहिल्या महिन्याचा हिशोब बघून कळलं. ६ टीबी बाहेर आणायचाय.

राइनकाठी

वापरतात हो, खटपट्या. एलएचसी या जिनिव्हाजवळच्या कण-टकरयंत्राचा सगळा डेटा ग्रिडवरच चाळला जातो: चाळीसहून जास्त देशांतली सुमारे १७० केंद्रं. मुंबईची टीआयएफआर त्यात सीएमएस या एलएचसीवरच्या प्रयोगासाठी आहे, कोलकात्याचं व्हीईसीसी अ‍ॅलिससाठी. मी इकडे जर्मनीत अशाच एका साइटवर काम करतो, त्यामुळे ४०१ बघून जुना स्नेही भेटल्यासारखं वाटलं.

कणकण, चूक तुमची नाही, सिनियरचीही नाही. प्रॉक्सी सर्टिफिकेट काढलं की ठरावीक मुदत १२ तासांची मिळायची. ८ तासांचा जॉब त्यात आरामात मावायचा, म्हणून हा प्रश्न तेव्हा कोणाला पडलाच नाही. टोकन मुद्दाम अल्पायुषी ठेवतात, काही मिनिटं ते फार तर काही तास, म्हणजे चोरीला गेलं तरी नुकसान थोडं. तुमचं टोकन जॉबबरोबर निघालं आणि वाटेतच वारलं. दहा मिनिटांच्या चाचणीत हे दिसणं शक्यच नव्हतं.

मुदत वाढवून द्या म्हणून साइटच्या मागे लागू नका, कोणी देणार नाही. टोकन जॉबसोबत एकदाच बांधून पाठवण्याऐवजी चालू जॉबला ताजं टोकन पोचत राहील अशी सोय करा. एचटीकॉन्डर या जॉब वाटणाऱ्या प्रणालीत ती आहे: जिथून जॉब सोडता ते मशीन टोकनं नवी करत राहतं आणि चालू जॉबपर्यंत पोचवतं. टोकनवर स्टोरेजची परवानगी आहे ना, तेही बघा. जॉब चालवायची परवानगी वेगळी, फाइल लिहायची वेगळी. सर्टिफिकेटच्या काळात मुख्यतः 'हा कोण आहे' हेच विचारायचे, आता 'याला काय काय करू द्यायचं' ते कागदावरच लिहिलेलं असतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. ती सहाशे ओळींची स्क्रिप्ट विसर्जित करा. तिन्हीकडे खरा जॉब पाठवूच नका, पायलट पाठवा. पायलट म्हणजे रिकामा जॉब. तो स्लर्मच्या रांगेतून, एआरसीतून किंवा क्लाउडच्या मशीनवर सुरू होतो, आजूबाजूला काय आहे ते तपासतो आणि तुमच्या मुख्य रांगेला फोन लावतो: मी मोकळा आहे, काम द्या. नाक्यावर उभ्या मजुरासारखा. मग तुमची रांग एकच, जॉबचं वर्णन एकच. तीन जागांचं वेगळेपण पायलट सुरू करायच्या वीसेक ओळींत संपतं. एलएचसीबी प्रयोगाचं डिरॅक, अ‍ॅटलासचं पांडा, सगळे याच वाटेने गेले. तुमच्या आकाराला साधा एचटीकॉन्डर पुरे. मात्र साइटच्या अ‍ॅडमिनला आधी विचारा. न विचारता पायलट सोडणारे लोक आम्हाला आवडत नाहीत.

जुनाखोड

धागा बघून राहवलं नाही. आमच्या उमेदीत हाच प्रश्न होता, फक्त उत्तर वेगळं वाटत होतं. प्रत्येक ग्रिडचं जोडणारं सॉफ्टवेअर, म्हणजे मिडलवेअर, वेगळं: सी-डॅकचा गरुड ग्रिड ग्लोबसवर, युरोपचा जीलाइटवर, जर्मनीतले काही युनिकोरवर, नॉर्डिक लोक एआरसीवर. २००६ मध्ये ईयू-इंडियाग्रिड प्रकल्प सुरू झाला तो युरोपचा आणि आपला ग्रिड एकमेकांशी बोलावेत म्हणूनच. त्याच सुमारास ओपन ग्रिड फोरम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेत 'ग्रिड इंटरऑपरेशन नाऊ' नावाचा गट होता. ओळख, माहिती, डेटा आणि जॉब अशा त्याच्या चार बाजू होत्या.

त्यातलं ओळखीचं जमलं, कारण ते तंत्रापेक्षा विश्वासाचं काम होतं. आपल्या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला आंतरराष्ट्रीय मंडळाने मान्यता दिली की भारतातल्या विद्यार्थ्याचं सर्टिफिकेट इटलीतही चालायचं. जॉबचं मात्र घोडं पेंड खात राहिलं. जॉबचं वर्णन लिहायला जेएसडीएल आलं, जॉब पाठवायला बीईएस आलं, मानकं कागदावर सुरेख होती. पण प्रत्येक मिडलवेअर मानकाचं त्याला सोसेल तेवढंच पाळायचं आणि उरलेलं स्वतःच्या जोडपत्रात घालायचं. दोन मानकपाळू यंत्रणा समोरासमोर बसवल्या की त्या एकमेकींना ओळखत नसत. क्लाउडचंही तेच. युरोपच्या ईजीआय या ग्रिड संघटनेने २०१४ मध्ये संघीय क्लाउड सुरू केला तो ओसीसीआय या मानकावर, आणि पुढे साइट्स सरळ ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या एपीआयवर (आज्ञा द्यायच्या पद्धतीवर) गेल्या. फाइल ठेवायला तर एका कंपनीचा एस३ हाच सगळ्यांचा रिवाज झाला, त्याला कुठल्या समितीने विचारलं नव्हतं.

मी स्वतः जेएसडीएलचे भाषांतरक लिहिण्यात दोन वर्षं घातली आहेत, तेव्हा हे कडवटपणाने बोलतोय असं समजा. पण राइनकाठी म्हणतात ते बरोबर. पायलटने तो प्रश्न सोडवला नाही, त्याला वळसा घातला.

रांगेतला

एक पाचर मारतो, माफ करा. मी एका संस्थेचा क्लस्टर सांभाळतो. कणकण, तुमच्या विभागाच्या कम्प्यूट नोडवरून (जॉब जिथे चालतात त्या मशिनांवरून) बाहेरचं इंटरनेट दिसतं का? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फक्त लॉगिन नोडला बाहेरची वाट असते. पायलट तिथे सुरू होईल, फोन लावायला जाईल आणि रेंजच नाही. क्लाउडवर आणि ग्रिडवर अडचण येऊ नये, तिथे पायलट आतून बाहेर जोडणी करतो, तुमच्या मुख्य मशीनचं एक पोर्ट उघडं असलं की झालं. विभागात मात्र अ‍ॅडमिनला हात जोडून त्या एका पत्त्यापुरती वाट मागा. नाही मिळाली तर विभागाचा वाटा सरळ स्लर्मच्या अ‍ॅरे जॉबने (एकाच आज्ञेत क्रमांकवार सुटणाऱ्या अनेक जॉबनी) चालवा आणि जॉब क्रमांकांचा एक पट्टा त्याला तोडून द्या. दोन रांगा सांभाळणं सहाशे ओळींपेक्षा बरं.

दुसरं, तिन्हीकडे ऑपरेटिंग सिस्टिम कुठली? विभागात अजून सेंटओएस ७ असेल तर (त्याचा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला, पण कोण बघतंय) तिथे बांधलेला प्रोग्रॅम दुसरीकडे चालला तर नशीब. जियान्ट४ आणि त्याच्या डेटा फायली एकाच अ‍ॅपटेनर कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधणाऱ्या डब्यात) भरा आणि तीच फाइल तिन्हीकडे न्या.

आणि ३०० एमबीमधलं तुम्ही पुढे वाचता किती?

कणकण

@रांगेतला, शेवटच्या प्रश्नावर ओशाळले. लागतात फक्त हिस्टोग्राम आणि काही निवडक घटना. जॉबच्या आतच गाळलं तर १२ एमबी उरतात, म्हणजे ६ टीबीऐवजी २४० जीबी. क्लाउडमधून बाहेर काढायच्या खर्चाचं रडगाणं तिथेच संपलं.

विभागात बाहेरची वाट नाहीच. अर्ज दिलाय, तोवर अ‍ॅरे जॉब. साइटने पायलटला होकार दिला, वर अपयशी ५०० जॉबबद्दल "आमच्याकडे रोज होतं" असंही म्हणाले. कामाला लागते, कळवते.

कणकण

नऊ दिवसांनी हजर. पायलट धावताहेत, टोकन मरत नाही. क्लाउडच्या एका मशीनवर मात्र ताजं टोकनही नाकारलं जात होतं. दीड दिवस परवानग्या तपासल्या, शेवटी निघालं की त्या मशीनचं घड्याळच अकरा मिनिटं मागे होतं, त्यामुळे त्याच्या लेखी टोकन अजून जन्मालाच आलं नव्हतं. घड्याळ जुळवणारी सेवा चालू केली, झालं.

पण आता खरी भीती. हिस्टोग्राम एकत्र करताना काही जॉबची उत्तरं शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत सारखी दिसताहेत. दोन वेगळे जॉब, वेगळ्या फायली, आत त्याच घटना. जुन्या क्लस्टरवर असं कधी झालं नव्हतं. पायलट एकच जॉब दोनदा चालवतोय का?

राइनकाठी

यादृच्छिक आकड्यांचं बीज, म्हणजे ज्यावरून त्यांची माळ सुरू होते तो आकडा, कशातून काढता? वेळ आणि प्रोसेस क्रमांक मिसळून?

कणकण

हो. सिनियरच्या काळापासून तसंच आहे.

राइनकाठी

सापडलं. कंटेनर प्रोसेसची वेगळी गणती ठेवून चालवला की आत क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे तुमचा प्रोग्रॅम बहुतेक ठिकाणी त्याच क्रमांकावर येतो. पायलटला कामं थव्याने मिळतात, म्हणजे सेकंदही तोच. वेळ तीच, क्रमांक तोच, मग बीजही तेच. बीज जॉब क्रमांकातूनच काढा, दुसरं काही मिसळू नका. पडलेला जॉब उद्या दुसऱ्या देशात पुन्हा चालला तरी त्याच घटना यायला हव्यात. सीपीयू वेगळा असेल तर दशांशाच्या टोकाला किंचित फरक पडू शकतो, तो सांख्यिकीत खपतो.

आणि फाइलचं नावही जॉब क्रमांकावरूनच ठेवा, असलेल्या फाइलवर पुन्हा लिहायला मनाई करा. पायलट मध्येच गेला की रांग तो जॉब दुसऱ्याला देते, आणि कधीकधी पहिला मेलेला नसतोच. मग दुसरी प्रत आपोआप नाकारली जाईल आणि बेरजेत एकच धरली जाईल.

कणकण

तपासलं. ६,४०० जॉबपैकी २१२ जोड्या निघाल्या. त्यांच्यापुरतं थांबायचं नाही, बीजाचा नियम बदलून सगळेच पुन्हा सोडतेय, कारण पेपरात 'बहुतेक घटना स्वतंत्र आहेत' असं कसं लिहू? विभागाच्या अ‍ॅरे जॉबना १ ते ५,००० क्रमांक दिलेत, पुढचे पायलटकडे.

@जुनाखोड, तुमचे ते भाषांतरक अजून कुठे पडलेत का? सरांना प्रबंधात जुन्या प्रयत्नांवर दोन पानं हवी आहेत.

जुनाखोड

एका सीडीवर आहेत. सीडी वाचणारं यंत्र मिळालं की व्यनि करतो.